खा-सतरा

भाताच्या कोंड्याची दोन पोती, काकवीचा एक डबा
आणि सुकटीच्या बाजारातून झाडून आणलेला भुगा.
हिशेबवहीत मी लिहिलं: पोषक द्रव्ये.
यासीन नाखव्याने वाचलं आणि हसला,
"म्हणजे चिखलाला जेवण."

कुरवड्याच्या खाजणात अकरा वर्षं नांगर नव्हता.
वर सड्यावर मुलामा देणारा कारखाना होता.
बंद पडला तेव्हा मालक गेला, पत्रे गेले,
भंगारवाल्याने बिजागऱ्यासुद्धा नेल्या.
उरलं ते पऱ्ह्यातून खाली उतरलं.
कॅडमियम. थोडं शिसं.
तरी भात उगवायचं, हिरवंगार दिसायचं.
गुरांनी पेंढा हुंगून टाकला असता
तर लवकर कळलं असतं.
गुरांनी तो आवडीने खाल्ला.

मला हवं होतं ते लांब नव्हतं.
उघाडीच्या अलीकडे, तिवरांच्या मुळांशी,
जिथे पाय रुतला की सडक्या अंड्याचा वास उठतो
आणि पोरं नाक धरून पळतात,
तिथला काळा रेंदा मी बाटल्यांत भरून नेला.
त्यात ते होते.
वारा लागला की मरणारे,
धातूच्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या काढून निगरगट्ट झालेले.
सतराव्या बाटलीतले टिकले, म्हणून नाव खा-सतरा.
खा म्हणजे खाजण.
यासीनला वाटलं, खा म्हणजे खा.

भिवा गुरव नारळ घेऊन बांधावर आला.
राखणदाराची वाडी कितीतरी वर्षं चुकली होती,
ते त्याला सलत होतं.
"बाई, तुमच्या त्यांचं नाव सांगा. गाऱ्हाण्यात घालतो."
मी सांगितलं. त्याने डोळे मिटले.
"बा खाजणच्या राखणदारा म्हाराजा,
ह्ये खा-सतरा जे कोण आसत, डोळ्यांक दिसनत नाय,
तेंका तुज्या हद्दीत थारो दी.
जो कोण तेंच्या वायटावर आसात, तेका वाटेक लाव रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा,"
यासीन सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

खारं पाणी आत घेतलं. फळ्या बसवल्या.
कोंडा, काकवी, भुगा.
तांबूस चिखल हळूहळू काळा पडला,
आणि वास असा की वाडीतल्या एका नव्या सुनेचे आईवडील
पाहुणचार अर्धा टाकून परतले.

नऊ महिन्यांनी अहवाल.
भाताच्या मुळांना उचलता येईल असं कॅडमियम: आठवा हिस्सा.
एकूण कॅडमियम: होतं तेवढंच.

द्वारका तांडेल तिसऱ्यांची रिकामी पाटी कमरेला लावून उभी होती.
"गेला?"
नाही.
"मेला?"
धातू मरत नाही, काकी. त्याला कुणी खाल्लंही नाही.
ह्यांनी श्वासातून गंधक सोडलं, त्याने ते धरलं,
दोघांचा मिळून काळा कण झाला, पाण्यात न विरघळणारा.
तो आहे तिथेच आहे. फक्त गप्प आहे.
"किती दिवस?"
चिखल ओला आहे तोवर. उघाडी धड आहे तोवर.
कुणी भराव टाकला, उकरून सुकवलं,
तर पुन्हा बोलायला लागेल.

मला वाटलं, आता हसेल, नाहीतर चिडेल.
तिने पाटी खाली ठेवली.
"माज्या घोवान दारू सोडल्यान, सात वर्सां झाली.
पन तिनसांजा झाली काय
मी अजून बायरसून कडी घालतंय."

मग ती उघाडीपाशी गेली,
फळीच्या फटीत बोट घालून पाहिलं,
आणि यासीनला हाक मारून काहीतरी सुनावलं.

निघताना तिने ओल्या फडक्यात सात तिसऱ्या बांधून दिल्या.
जेवायला नव्हेत, तपासायला.
एस्टीत त्या मांडीवर घेऊन बसले.
कणकवलीपर्यंत एकीनेही तोंड उघडलं नाही.